खलबत्त्यातलं कार्ड

कुसुमताई गद्र्यांच्या कपाटात निळ्या काठाचा एक चिनी मातीचा कप होता आणि तो अवधूत ताम्हणेचा होता. म्हणजे विकत घेतलेला गद्र्यांनीच, धुतला जायचा तोही गद्र्यांच्याच मोरीत. पण त्यातून कॉफी प्यायची ती फक्त अवधूतने. बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले. मुलींच्या वडिलांना पेले, मुलांच्या आयांना पेले. एकदा भाच्याचं नाव नोंदवायला एक निवृत्त न्यायाधीश आले होते, त्यांच्यासमोरही पेलाच ठेवला गेला होता आणि त्यांनी तो मुकाट्याने उचलला होता. अवधूतची किंमत मात्र त्या घरात गेली बारा वर्षं निळ्या काठाची होती. ही गोष्ट तो कुणाला सांगत नसे, पण मनातल्या मनात रोज एकदा तरी काढून पाहत असे.

कुसुमताई शनिवार पेठेत वधूवर सूचक मंडळ चालवत. वय सत्तरीच्या अलीकडे, आवाज खणखणीत, आणि समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आत त्याच्या पगारात किती भर घालून सांगितली आहे हे ओळखायची हातोटी. अवधूतचं स्वतःचं लग्नही त्यांनीच जमवलेलं. कादंबरीचं स्थळ त्यांनी सुचवलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मुलगी स्पष्टवक्ती आहे. तुला गरज आहे." तेव्हा बायको आणि कॉफी या दोन्ही गोष्टी त्याला एकाच दारातून मिळाल्या होत्या.

मंडळाच्या आतल्या लहान खोलीत एक सर्व्हर होता. साठेक हजार मुलामुलींचे फोटो, पत्ते, पत्रिका, अपेक्षा, सगळं त्यात. पूर्वी साध्या डिस्कवर पत्रिका जुळवायला घेतल्या की मशीन इतकं रेंगाळायचं की "तेवढ्यात मुलगी दुसरीकडे दिली जाते," असं कुसुमताई म्हणत. मग अवधूतने त्यात फ्लॅश कार्डं बसवली. पंज्याएवढी दोन कार्डं, शेजारी शेजारी उभी, दोन्हींवर तंतोतंत तीच माहिती. एक आजारी पडलं तर दुसरं घर चालवणार. आजारी कार्ड काढायचं, त्या जागी नवं कोरं बसवायचं, की धडधाकट कार्ड आपल्याकडचं सगळं त्याला उतरवून देणार. मशीन बंद करायचं, झाकण काढायचं, कार्ड बदलायचं, मशीन सुरू करायचं. काम एवढंच. फक्त आजारी कोणतं आणि धडधाकट कोणतं यात घोटाळा होता कामा नये.

या कामाला गद्र्यांकडे आणखी एक शेपूट होतं. काढलेलं कार्ड दाराबाहेर न्यायचं नाही, असा कुसुमताईंचा दंडक होता. बुधवार पेठेत जुन्या कार्डांनाही गिऱ्हाईक असतं हे त्यांच्या कानावर आलं होतं. "लोकांच्या मुलींचे फोटो आहेत त्यात," त्या म्हणत. म्हणून निकामी कार्ड त्यांच्या देखत फोडायचं, आणि त्यासाठी सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता सर्व्हरच्या खोलीतच एका स्टुलावर ठेवलेला असे. मशीन सुरू झालं, पत्रिका दिसायला लागल्या, की मग अवधूत कार्ड खलात टाकून बत्ता घालत असे आणि ताई समाधानाने कॉफी आणायला जात.

आणि एक गुपित होतं. फार वर्षांपूर्वी पंखा बदलताना अवधूतच्या हातून दोन केबल्सची अदलाबदल झाली होती. ही कार्डं ज्या पट्टीवर उभी असतात तिथून दोन केबल्स मशीनच्या पोटात जातात. त्या उलट लागल्या, त्यामुळे मशीन ज्याला दोन नंबरचं कार्ड म्हणे ते प्रत्यक्षात पहिल्या जागेवर असे, आणि एक नंबरचं दुसऱ्या. मशीनचं काही बिघडत नव्हतं. चूक लक्षात आली तेव्हा केबल्स सरळ करणं म्हणजे पाच मिनिटांचं काम होतं. पण अवधूतच्या मनात आलं, असू दे. दुसरा कुणी इथे आला तर गोंधळेल आणि आपल्यालाच बोलावणं येईल. घराच्या कुलपाला एखादी खोड असते, किल्ली थोडी वर उचलून फिरवावी लागते आणि ते घरच्यालाच ठाऊक असतं, तसं त्याला ते वाटलं. केबल्स प्लास्टिकच्या झाकणाखाली होत्या, सहजी कुणाला दिसणाऱ्या नव्हत्या.

तर असा सगळा सुखाचा कारभार चालला असताना हिंमतरावांनी आफताबला कामावर घेतलं.

हिंमतराव म्हणजे अवधूतचे मालक. बुधवार पेठेत एका दिव्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. दवाखाने, पतपेढ्या, छापखाने यांच्या सर्व्हरची देखभाल करायची हा धंदा. आफताब बागवान घोरपडे पेठेतला, तिशीही न गाठलेला, हसऱ्या तोंडाचा. कामाला चोख, आणि वर त्याचा गर्व नाही. त्याच्यात एखादं व्यंग सापडावं म्हणून अवधूतने मनापासून प्रयत्न केला. उशिरा येतो का? नाही. गिऱ्हाइकाशी उद्धट बोलतो का? नाही. निदान चहा पिताना फुर्रफुर्र आवाज करतो का? तेही नाही. अशा माणसाचं करायचं काय?

वर्षभरातच एक दवाखाना म्हणू लागला, "बागवान आहेत का? त्यांनाच पाठवा." मग एक छापखाना. अवधूतने दात आवळून ती दोन्ही गिऱ्हाइकं मनातून सोडून दिली. पोटात दुखायचं, पण तो घरी सांगायचा ॲसिडिटी आहे. कादंबरी त्याला ओव्याची पूड द्यायची आणि म्हणायची, "ही ॲसिडिटी पगारवाढीच्या पत्रांच्या दिवशीच कशी उठते?"

तुळशीची लग्नं लागली, मंडळाचा हंगाम सुरू झाला, आणि नेमकं त्याच आठवड्यात गद्र्यांकडचं कार्ड गेलं. अवधूत सकाळपासून खडकवासल्याच्या बाजूला एका कॉलेजात अडकला होता. तिथलं मशीन उघडून पडलेलं, टाकून येणं शक्यच नव्हतं. हिंमतरावांचा फोन आला, "गद्र्यांकडे दोन नंबरचं कार्ड गेलंय, आफताबला पाठवतोय. काही सांगायचं असेल तर त्याला सांग."

अवधूतने आफताबचं नाव मोबाइलवर काढलं. केबल्स उलट आहेत, एवढं एक वाक्य. त्याने नावाकडे बराच वेळ पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

त्याचा हिशेब असा होता. पडद्यावर दिसेल की दोन नंबरचं कार्ड बिघडलंय. हा शहाणा दुसऱ्या जागेवरचं, म्हणजे नेमकं चांगलं कार्ड उपसेल. मशीन सुरूच होणार नाही. कार्ड फोडायचं ते मशीन सुरू झाल्यावर, त्यामुळे नुकसान काही नाही, फक्त हा घामाघूम होईल, ताई दारात उभ्या राहून पाहतील, आणि शेवटी म्हणतील, "अवधूतला बोलव." बस, तेवढंच हवं होतं. त्याला आफताबचं वाईट व्हायला नको होतं, थोडी फजिती मात्र व्हायला हवी होती. माणूस स्वतःशी असं बोलायला लागला की समजावं, त्याला चांगलंच वाईट व्हायला हवं आहे.

दुपारभर त्याने फोनची वाट पाहिली. कॉलेजच्या कँटीनमध्ये वडापाव खाताना त्याने मोबाइल बशीला टेकवून उभा ठेवला होता. अखेर तो वाजला. कुसुमताई होत्या.

"झालं रे काम," त्या म्हणाल्या. "मुलगा चांगला आहे. पडद्यावर कार्डाचा तो लांबलचक नंबर येतो ना, तो त्याने कार्डावर छापलेल्या नंबराशी ताडून पाहिला आणि मगच हात लावला. म्हणाला, केबलींचं अवधूत सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून सोपं गेलं."

अवधूतच्या हातातला वडा हातातच राहिला. त्याने आफताबला काहीएक सांगितलं नव्हतं. म्हणजे आफताबला केबल्सचं कळलं होतं, त्या कुणी उलट लावल्या हेही कळलं होतं, आणि त्याने ते झाकून घेतलं होतं. एखाद्याला कृतज्ञता वाटली असती. अवधूतच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कॉफी दिलीत का त्याला?" त्याने विचारलं.

"दिली की."

"कशातून?"

"कपातून," कुसुमताई म्हणाल्या. "पेले घासायला पडले होते. का रे?"

"काही नाही, सहज."

त्या रात्री जेवताना त्याने कादंबरीला सांगितलं. तिने पोळी वाढता वाढता त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तो आफताब आहे म्हणून लागलंय का तुला?"

"छे, छे. काहीतरीच काय."

आणि ते खरं होतं. त्या पोराचं आडनाव लिमये असतं तरी अवधूतचा एवढाच जळफळाट झाला असता, किंबहुना काकणभर जास्तच.

"मग कप फुटलाय का?" कादंबरीने विचारलं.

"नाही."

"मग जेव."

दुसऱ्या दिवशी आफताब त्याच्या टेबलाशी आला. "सर, गद्रे ताईंच्या मशीनबद्दल एक सांगायचं होतं."

"त्या मशीनबद्दल तू मला सांगणार?" अवधूतने मान वर न करता विचारलं. "ते मशीन बसवलं तेव्हा तू शाळेत पाढे म्हणत होतास."

"तसं नाही सर, फक्त ते केबल—"

"आफताब, मला काम आहे."

संध्याकाळी जिन्यात आफताबने पुन्हा तोंड उघडलं, तर अवधूतने मोबाइल कानाला लावला. पलीकडे कुणीही नव्हतं. मग व्हॉट्सॲपवर निरोप आला. वरच्या पट्टीत "सर, गद्रे" एवढी अक्षरं दिसली आणि अवधूतने ती बोटाने सारून टाकली. आता हा उपकाराची पावती मागणार, असं त्याला वाटलं. मी तुम्हाला सांभाळून घेतलं सर, असं काहीतरी लिहिलं असणार. तो निरोप न वाचलेला तसाच खाली खाली सरकत गेला.

पंधरवड्याने गद्र्यांकडून पुन्हा फोन आला. हिंमतरावांचा फोन नेहमी स्पीकरवर असे, त्यामुळे सगळ्या ऑफिसने ऐकलं.

"कार्ड गेलंय परत. आफताबला पाठवा."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्या आवाजाने दुसरं नाव घेतलं होतं. अवधूतने स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"आफताब सुट्टीवर आहे, ताई. बहिणीचा साखरपुडा आहे त्याच्या," हिंमतराव म्हणाले. "अवधूतला पाठवू का?"

"पाठवा की. तो काय परका आहे?"

पाठवू का! अवधूत जिना उतरला तो तरातरा. दगडूशेठच्या बाजूने जाताना लांबून हात जोडायचा त्याचा नेम होता, तोही त्या दिवशी राहिला. पुढे सगळा रस्ताभर डोक्यात एकच चाललं होतं, परका आहे का, परका आहे का.

मंडळात गर्दी होती. रविवारी मोठा मेळावा, बाहेरच्या खोलीत आईबापांची रांग लागलेली, आणि टेबलांवरचे पडदे गोगलगायीसारखे सरकत होते. अवधूत आत गेला, सर्व्हरचा पडदा सुरू केला आणि पाहतो तर काय: दोन नंबरचं कार्ड निकामी.

पुन्हा दोन नंबर. मागच्या वेळीही दोनच.

त्याला समजायला क्षणभर लागला, आणि समजलं तेव्हा त्याच्या छातीत चक्क आनंद दाटून आला. केबल्स उलट, म्हणजे दोन नंबरचं कार्ड पहिल्या जागेवर. आणि पहिल्या जागेवर कोणतं कार्ड होतं? पंधरा दिवसांपूर्वी आफताबने बसवलेलं. नवंकोरं. तेच गेलं होतं. चोख कामाचा, नंबर ताडून पाहणारा आफताब, आणि त्याने बसवलेलं कार्ड पंधरा दिवस टिकलं नव्हतं. अवधूतला वाटलं, बाहेर जाऊन रांगेतल्या सगळ्या आईबापांना सांगावं.

त्याने रीतसर मशीन बंद केलं, झाकण काढलं. पहिल्या जागेवर नवं कार्ड चकाकत होतं, शेजारी आपलं जुनं, धुळीने माखलेलं. त्याने नवं उपसलं आणि दारात उभ्या असलेल्या कुसुमताईंसमोर धरलं.

"हे बघा. परवा बसवलेलं. गेलं."

"नवं असून?" ताई म्हणाल्या.

"माल नुसता नवा असून चालत नाही, बसवणाऱ्याचा हातही लागतो." तो हसला. "जुनं बघा, एवढी वर्षं झाली, ठणठणीत आहे. ते माझ्या हातचं."

"तो नंबर ताडून पाहायचा असतो ना पडद्यावरचा?"

"नव्या मुलांना लागतं तसलं. मला हे मशीन तळहातासारखं माहीत आहे."

त्याने स्टूल पुढे ओढलं. खरं तर आधी नवं कार्ड बसवायचं, मशीन सुरू करायचं, आणि मग खलबत्ता, हा क्रम त्यानेच घालून दिलेला. पण त्या चकचकीत कार्डाकडे पाहून त्याला धीर धरवेना. आफताबचं पाप ताईंच्या डोळ्यांदेखत, आत्ताच्या आत्ता फुटायला हवं होतं.

"अरे, मशीन सुरू झाल्यावर फोडतोस ना नेहमी?" ताई म्हणाल्या.

"दगाबाजाची कसली वाट पाहायची, ताई?"

त्याने बत्ता घातला. एकदा, दोनदा, मग उगाचच तिसऱ्यांदा. काळ्या चकत्यांचे तुकडे खलात उडाले. बाहेरच्या रांगेतली एक बाई "काय कुटताय?" म्हणून डोकावून गेली. अवधूतला त्या तीन घावांत वर्षभराची ॲसिडिटी उतरल्यासारखं वाटलं.

मग त्याने पिशवीतलं कोरं कार्ड रिकाम्या जागेत सरकवलं, झाकण लावलं, बटण दाबलं आणि हात पुसले. पंखे घुमले. पडदा उजळला. आणि त्यावर आलं की एक कार्ड निकामी आहे आणि दुसरं रिकामं आहे.

त्याने पुन्हा वाचलं. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तेच. त्याने झाकण काढलं, टॉर्च लावला आणि आतलं प्लास्टिकचं आवरण उचकटून बाजूला केलं. केबल्स सरळ होत्या. नीट, शेजारी शेजारी, पांढऱ्या बंदाने बांधलेल्या. मशीन ज्याला दोन म्हणत होतं ते खरोखरच दुसऱ्या जागेवरचं होतं. ते त्याचं स्वतःचं जुनं, धुळीने माखलेलं, ठणठणीत कार्ड. मेलं होतं ते. आणि जिवंत होतं ते खलबत्त्यात कुटलेलं होतं.

अवधूतने मोबाइल काढला. न वाचलेला निरोप शोधायला त्याला खूप खाली जावं लागलं. "सर, गद्रे ताईंकडच्या केबल्स उलट होत्या, मी सरळ केल्यात. पुढच्या वेळी तुम्ही गेलात तर लक्षात असू द्या. आणि काम करायच्या आधी पूर्ण प्रत काढली आहे, डिस्क माझ्या ड्रॉवरमध्ये आहे."

मंडळाच्या माहितीची प्रत दर महिन्याला काढून ठेवायची, हे काम खरं म्हणजे अवधूतचं होतं. उन्हाळ्यापासून ते उद्या-परवावर ढकललं जात होतं. आफताबची ती डिस्क नसती तर साठ हजार मुलामुलींचा मागमूस राहिला नसता.

त्याने आफताबला फोन लावला. मागे लहान मुलांचा गलका, भांड्यांचे आवाज.

"सर, काढलेलं कार्ड ठेवा बाजूला," सगळं ऐकून आफताब म्हणाला. "ते परत लावलं की होईल."

"फोडलं," अवधूत म्हणाला.

आफताब म्हणाला, "येतो मी."

तो आला तेव्हा अंगात नवा कुर्ता होता, अत्तराचा वास येत होता, आणि हातात ऑफिसच्या ड्रॉवरमधली डिस्क आणि आणखी एक कोरं कार्ड होतं. बहिणीचा साखरपुडा टाकून तो आला होता. त्याने बाह्या सरसावल्या, मेलेलं जुनं कार्ड काढून दुसरंही नवं बसवलं, डिस्क जोडली आणि प्रत उतरवायला लावली. अवधूत शेजारी उभं राहून टॉर्च धरत होता. खलातल्या चुऱ्याकडे आफताबने एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं अवधूतला वाटलं.

दिवेलागणीला पत्रिका दिसायला लागल्या. सगळ्या नव्हेत. पंधरवड्यातल्या नोंदी गेल्या होत्या, हंगामातला पंधरवडा. कागदावर भरून घेतलेले अर्ज होते, पण ते सगळे पुन्हा टंकायला हवे होते आणि रविवार तोंडावर आला होता.

कुसुमताईंनी बाहेरची रांग गोड बोलून घरी पाठवली, दार लावलं आणि आतल्या खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या. "आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "हे झालं कसं?"

अवधूतने तोंड उघडायच्या आत आफताब पुढे झाला. "ताई, चूक माझी. मी मागच्या वेळी केबल्स सरळ केल्या आणि सरांना सांगायला विसरलो. त्यांना वाटलं, पहिल्यासारखंच असेल."

ते वाक्य किती सोपं होतं! अवधूतने मान डोलावली की संपलं. ताईंचा राग आफताबवर, तोही फार नाही, कारण पोरगा साखरपुडा टाकून धावत आला. कप जागच्या जागी. हिंमतरावांकडे बोभाटा नाही. अवधूतला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कुसुमताईंनी त्याच्याकडे पाहिलं. "अवधूत, विसरला का हा?"

अवधूतने आफताबकडे पाहिलं. नव्या कुर्त्यावर धूळ लागलेली, कपाळावर घाम, आणि तोंडावर तो नेहमीचा, कसलाही हिशेब न ठेवणारा चांगुलपणा. दवाखाना याने घेतला. छापखाना याने घेतला. ताईंच्या तोंडी याचंच नाव बसलं, माझ्या कपातून हाच कॉफी प्यायला. आणि आता मोठं मनही यानेच दाखवायचं, आणि मी त्याच्या सावलीत उभं राहून मान डोलवायची. अवधूतच्या पोटात अशी काही कळ आली की त्याला राहवेना. जे पुढे त्याच्या तोंडून निघालं ते सद्बुद्धीने सुचलेलं नव्हतं. जळफळाटानेच ते बाहेर ढकललं.

"नाही," तो म्हणाला. "तो सांगायला दोनदा आला होता. निरोपही पाठवला होता. मीच ऐकून घेतलं नाही."

आफताब म्हणाला, "सर, जाऊ द्या."

"तू थांब रे. केबल्सही मीच उलट लावल्या होत्या, ताई. पहिल्यांदा चुकून, मग मुद्दाम तशाच ठेवल्या. म्हणजे दुसऱ्या कुणाला जमू नये. आणि त्या दिवशी मी याला काहीही सांगून ठेवलं नव्हतं."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं तसं हलकं वगैरे काही वाटलं नाही.

"ते मला त्याच दिवशी कळलं," कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. "तू सांगून ठेवलं असतंस तर हा तासभर टॉर्च घेऊन मशीनच्या पोटात डोकं घालून बसला नसता. चाळीस वर्षं मुलांच्या पगाराचे आकडे ऐकतेय मी, अवधूत. खोटं मला ऐकू येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कधी बोलतोस ते पाहत होते." त्या उठल्या. "आफताब, बहिणीकडे जा आधी. पेढे मात्र आणून द्यायचे."

"ताई, अर्ज टंकायचेत ना? दोघं बसलो तर लवकर होईल. तिकडचं आटोपलंय, जेवणं चाललीत फक्त." आणि तो एका टेबलाशी बसलासुद्धा. अवधूतने निमूटपणे शेजारची खुर्ची ओढली. ताईंनी अर्जांचे दोन गठ्ठे केले आणि दोघांसमोर ठेवले.

अवधूत टंकायला लागला. नाव, जन्मवेळ, शिक्षण, अपेक्षा. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्या गठ्ठ्याकडे कमी आणि आफताबचा किती उरला आहे याकडे जास्त पाहतो आहोत. त्याने मान खाली घातली आणि वेग वाढवला.

आतून कॉफीचा वास आला. ताई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये स्टीलचे दोन पेले होते आणि निळ्या काठाचा कप होता. अवधूतची बोटं जागच्या जागी थांबली. एक पेला त्यांनी आफताबसमोर ठेवला, एक अवधूतसमोर, आणि कप उचलून त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. फुंकर मारून त्यांनी पहिला घोट घेतला.

"छान आहे हा कप," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मला वापरायलाच मिळाला नव्हता."

अवधूतने पेला उचलला. चांगलाच पोळत होता. ओठाला लावण्याआधी त्याने हळूच आफताबच्या पेल्यात डोकावून पाहिलं. दोन्ही पेले सारखेच भरलेले होते.